बाबा टेबलाशी गेले नाहीत

वर्षातून चार रविवार टेबल मांडलं जायचं
येर्सेकेच्या चर्चमध्ये.
पांढरी चादर, इस्त्रीची घडी अजून उभी,
पाव, चांदीचा पेला,
आणि साडेसातशे माणसांतून उठायचे अकरा.
बाकीचे बसून राहायचे.
बाबाही. हॅट गुडघ्यावर, अंगठा तिच्या काठावरून फिरत,
जणू बोटीचा दोर कुठे विरलाय ते तपासतायत.

उपदेशाचे मुद्दे तीन.
दर मुद्द्याला आई एकेक पेपरमिंट पुढे सरकवायची.
पहिला मुद्दा, माणसाचं पतन.
दुसरा, जगाच्या स्थापनेपूर्वी झालेली निवड.
तिसऱ्यापर्यंत माझ्या जिभेवर नुसता गारवा उरलेला.

आमच्याकडे नावं कपाळावर लिहीत नाहीत,
पुस्तकात लिहितात.
पुस्तक कुणी पाहिलेलं नाही.
ते अकरा जण तरी कशावरून उठायचे
हे मी एकदा विचारलं,
तेव्हा आईने चौथं पेपरमिंट दिलं.

पण शनिवारी
बाबा बसने फ्लिसिंगनच्या बंदरात जायचे,
बॅगेत चौदा भाषांतली पत्रकं.
शिंपल्यांनी चिरलेल्या हातांनी कठडा धरून
परक्या जहाजांच्या शिड्या चढायचे
आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून सांगायचे,
ये. तुझ्यासाठीच आहे हे.
‘माझ्यासाठी’ हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून
आम्ही कधी ऐकला नाही, जेवणाच्या ताटावरसुद्धा.

रोदेलियो नावाचा एक फिलिपिनो खानसामा,
कांदा चिरत होता. पत्रक त्याने कोरड्या बाजूला ठेवलं.
म्हणाला, आजोबा, तुमचं नाव आहे का त्यात?
बाबा म्हणाले, मला कळवलेलं नाही.
मग मला कशाला बोलावताय?
बोलवायला सांगितलंय, बाबा म्हणाले. यादी दिलेली नाही.
तो इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली.
मग त्याने भात वाढला, वर तळलेला मासा.
घरी येऊन बाबांनी सगळं सांगितलं,
भाताबद्दल सर्वांत जास्त.
आई म्हणाली, क्रेइन, परक्या चुलीवरचं
इतक्या लवकर जेवायचं नसतं.

त्रेपन्न साली, क्राउनिंगनला, ते आठ वर्षांचे होते.
छपरावर रात्रभर धाकट्या इमानचा हात हातात.
पहाटे हात होता तसाच मुठीत मिटलेला, आत फक्त मोजा.
लोक म्हणाले, क्रेइनला देवाने राखलं, काहीतरी योजना असणार.
बाबा त्या वाक्यापाशी आले की
उठून बाहेर जायचे,
सायकलच्या चाकात हवा भरायचे.
भरलेल्या चाकात.

शिंपल्यांचं बी पेरायला मला न्यायचे बोटीवर.
ओस्टरस्खेल्डेचं पाणी शिशासारखं.
बाबा फावड्याने बी उधळत, उजवीकडे, डावीकडे.
कुठलं तळ धरेल, कुठलं खेकडे खातील,
कुठलं वादळ उचलून दुसऱ्याच्या वाफ्यात टाकेल,
याचा हिशेब त्यांनी माझ्यादेखत कधी केला नाही.
शेवटी डेकच्या फटीत अडकलेली चार-पाच
गुडघ्यावर बसून नखाने उकरायचे,
तीही पाण्यात सोडायचे.
मी थंडीने रडकुंडीला आलेली. बाबा, चला ना, चारच तर आहेत.
ते उकरतच राहायचे.

मी रॉटरडॅमला गेले, रविवारी उशिरा उठायला शिकले.
बाबांनी रागावून एक शब्द लिहिला नाही,
दर महिन्याला एक पत्रक मात्र पाठवलं,
चौदांपैकी कुठल्याही भाषेतलं.
माझा पत्ता त्यांनी कधी चुकवला नाही.

खूसच्या इस्पितळात, फेब्रुवारीत,
मी शेवटी विचारलंच.
बाबा, कळवलं का काही?
त्यांनी खिडकीकडे पाहिलं, जिथून समुद्र दिसत नाही.
भरती आहे की ओहोटी, म्हणाले.
मी फोनवर बघून सांगितलं, ओहोटी.
मग आता उघडे पडले असतील, म्हणाले.
काय ते मी विचारलं नाही.
रात्रीची फरशी पुसणारी बाई आत आली,
आणि त्यांचा हात
उशीखाली पत्रक शोधू लागला.